आणखी चाळीस वर्षं

लायब्ररीतलं ते पुस्तक माझ्याकडे बांधायला आलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर माणसं येऊन बसायची. मी कुणाला निरोप धाडत नव्हते. लायब्ररीतली बाईच सांगत असणार, कारण त्या एका पुस्तकासाठी तिच्या यादीत एक्केचाळीस नावं होती आणि रोज तेच तेच उत्तर देऊन तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

मी पुस्तकं बांधते. चाळीस वर्षं हाच धंदा. शिवण उसवली की पुस्तकाचे सोळा सोळा पानांचे गठ्ठे सुटे होतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. या पुस्तकाचे फर्मे नऊ. म्हणजे धडधाकट असताना ते एका वेळी एकालाच वाचता येतं, आणि फाटलं की नऊ जणांना. हे माझ्या लक्षात आलं तेव्हापासून मी रीतच पाडली. हात धुवून यायचं, पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसायचं, आपला फर्मा वाचायचा, हवं ते उतरवून घ्यायचं आणि मग शेजाऱ्याशी बदलायचा. थुंकी लावून पान उलटणाऱ्याला मी सरळ बाहेर काढते, मग तो कुणी का असेना. दोन दिवसांचं काम मी आठवडाभर लांबवायचे. लायब्ररीनं विचारलं तर सांगायचे, खळ वाळत नाहीये. भर उन्हाळ्यातसुद्धा.

पुस्तकाचं नाव 'घरच्या रुग्णाची निगा'. साठ वर्षांपूर्वी निघालं, दोनदा छापलं गेलं. मग प्रकाशक वारला, त्याचं दुकान बंद पडलं आणि पुस्तक जे गायब झालं ते झालंच. अख्ख्या शहरात मिळून लायब्ररीतली ही एकच प्रत. माझ्या हाताखालून ती सहा वेळा गेली होती. आता कागद इतका जुना झाला होता, की सातव्यांदा शिवायला घेतला तर सुई ओढताना फाटेल, हे मला बघूनच कळत होतं.

या खेपेला आलेल्यांत पोस्टमनबाई होती. आमच्या भागात टपाल टाकते, सायकलवर फिरते, बोलायला फटकळ. तिचा नवरा वायरमन. शिडीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. हॉस्पिटलनं महिनाभर ठेवून घरी पाठवून दिला, सोबत औषधांची यादी दिली. त्याला अंघोळ कशी घालायची, कुशीवर कसा वळवायचा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे कुणीच सांगितलं नाही. लायब्ररीच्या यादीत तिचा नंबर शेवटचा. पंधरा पंधरा दिवसांनी पुस्तक हलतं. म्हणजे दीड वर्षाच्या वरच.

"दीड वर्षांत त्याच्या पाठीचं काय होईल हो ताई?" तिनं मला विचारलं.

मी फर्मे चाळले. तिसरा फर्मा तिच्या हातात दिला. त्यात चादर ओढून रुग्णाला वळवायची चित्रं आहेत, एक-दोन-तीन आकडे घातलेली. ती वहीत ती चित्रं काढायला लागली. चित्रकला यथातथाच. तिनं काढलेला रुग्ण गादीच्या गुंडाळीसारखा दिसत होता. मग एका ठिकाणी थांबली आणि मोठ्यानं वाचायला लागली. "रुग्णाशी भांडायला हरकत नाही. आपल्याशी आता कोणी भांडतसुद्धा नाही, याचंच त्याला जास्त वाईट वाटत असतं." वाचलं आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. मग मला म्हणाली, "कोण हो ही बाई? नाव का नाही हिचं?"

कव्हरवर फक्त छापलं होतं, 'एक परिचारिका'.

"कोण जाणे," मी म्हणाले.

मला चांगलंच माहीत होतं. ती माझी आई.

आई सरकारी हॉस्पिटलात नर्स होती. नोकरांनी परवानगीशिवाय काही छापायचं नाही असा तिथे नियम, आणि तिला परवानगी कोण देणार? तिनं पुस्तकात चक्क लिहिलं होतं, की डॉक्टर दिवसातून पाच मिनिटं येतो, बाकीचा दिवस तुमचा आहे. म्हणून नाव दिलं नाही. प्रकाशकाला माहीत होतं आणि आम्हा घरच्यांना. हॉस्पिटलात तापाची नोंद करायचे तक्ते रद्दीत निघत, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं ते सगळं लिहिलं. जवळजवळ दोनशे कागद. मी तेव्हा चार वर्षांची, मला काही आठवत नाही. दादा दहा वर्षांचा होता. ड्यूटीवरून आली की आई अंगणात पत्र्याच्या टबावर बसून लिहायची आणि दादा तिला पेन्सिली तासून द्यायचा. आई गेली त्याला आता वीस वर्षं झाली. कागद माझ्या दुकानातल्या ट्रंकेत होते.

पोस्टमनबाई वही छातीशी धरून गेली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या आईचं पुस्तक, माझ्या समोरच्या गल्लीत छापखाना, बांधणारी मी, आणि लोक गादीच्या गुंडाळ्या काढत बसलेत! छापखान्याच्या मशीनमास्तरला जाऊन म्हटलं, लाव मशीनला. तो कानावर हात ठेवून उभा. "कागद आण आधी. हक्काचा कागद. मागे एकदा असंच छापलं तर महिनाभर मशीनला सील होतं." मग गेले वकीलबाईंकडे.

वकीलबाई माझ्याकडून कायद्याची पुस्तकं बांधून घेतात, त्यामुळे मला बसायला खुर्ची मिळते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "वारस किती?"

"मी आणि दादा."

"मग दोघांची संमती लागेल. आणि संमती नकोच असेल तर थोडं थांबा. लेखकाचं नाव माहीत नसलं, तर हक्क पुस्तक निघाल्यापासून साठ वर्षं. तुमच्या पुस्तकाची साठ वर्षं या एकतीस डिसेंबरला संपतात. एक जानेवारीपासून कुणीही छापा, कुणाला विचारायला नको."

मी खुर्चीतून उठलेच. "बसा," त्या म्हणाल्या, "पुढचं ऐका. तोपर्यंत कुणी हक्क नोंदणी कचेरीत जाऊन लेखक कोण ते सिद्ध केलं, तर साठ वर्षं मोजायची ती लेखक गेल्यापासून. तुमच्या आई गेल्या वीस वर्षांपूर्वी. म्हणजे आणखी चाळीस."

"चाळीस वर्षांनी मी एकशे चार वर्षांची होईन."

"कायद्याला त्याचं काही नसतं."

"पोस्टमनबाईचा नवरा?"

"कोण पोस्टमनबाई?" वकीलबाईंनी विचारलं. बरोबरच होतं त्यांचं.

तरी मी खुशीत होते. चार महिन्यांचा प्रश्न. सिद्ध करणार कोण? दादाला सांगायला म्हणून त्याच दिवशी त्याच्या घरी गेले. दादा शाळेचा हेडमास्तर होता, आता निवृत्त. घरातही छडी हरवल्यासारखा फिरतो. मी बोलायला सुरुवात करायच्या आतच त्यानं कपाटातून एक जाड कागद काढला.

"चिमणे, बस. तुला आनंदाची बातमी द्यायचीय."

चौसष्ट वर्षांच्या बाईला चिमणे म्हणणारा जगात हा एकच माणूस उरलाय.

बातमी अशी, की एका मोठ्या प्रकाशन कंपनीनं त्याला गाठलं होतं. कुणा जुन्या नर्सनं मरायच्या आधी अंदाजानं आईचं नाव त्यांना सांगितलं होतं. कंपनी आईचं पुस्तक घेणार, कापडी बांधणी, आत आईचा फोटो, कव्हरवर आईचं नाव. अट एकच. डिसेंबर संपायच्या आत ती लेखिका असल्याचं कचेरीत सिद्ध करायचं आणि सगळे हक्क पूर्ण मुदतीसाठी कंपनीला द्यायचे.

मी करार वाचला. चष्मा पुसून परत वाचला. सहाव्या कलमात लिहिलं होतं, छापायचं की नाही आणि केव्हा, हे ठरवण्याचा अधिकार कंपनीचा.

"दादा, हे छापणार नाहीत."

"काहीतरीच. न छापायला कोणी हक्क घेतं का?"

"घेतं. यांचं स्वतःचं घरच्या रुग्णांवरचं पुस्तक आहे, वीटभर जाडीचं, रंगीत. माझ्याकडे दोन आलीत बांधायला. त्यात पहिली पन्नास पानं पलंग कुठला विकत घ्यावा यावर आहेत. आईचं स्वस्त पुस्तक बाजारात आलं तर ते कोण घेईल?"

"तुला सगळ्यांत खोटच दिसते."

"बरं, मग एवढं कर. जानेवारीपर्यंत थांब. साठ वर्षं संपू देत. मग लाव आईचं नाव, मुदत काही वाढत नाही. मी स्वतः बांधते."

दादाचा आवाज चढला. "आणि मग कुणीही छापेल! फुटपाथवर भाजीसारखं मांडून विकतील. तिचं नाव रद्दीच्या कागदावर छापायचं?"

"तिनं ते रद्दीच्या कागदावरच लिहिलंय."

त्यानं करार माझ्या हातातून घेतला. मग हळू आवाजात म्हणाला, आणि तेव्हा मला त्याचा राग येईना. "चिमणे, तुला आठवत नाही. मी बघितलंय. बोटं सुजलेली असायची तिची. आयुष्यभर लोकांची घाण उपसली, आणि पुस्तकावर काय? एक परिचारिका. कुठली एक? मी मरायच्या आधी तिचं नाव मला छापलेलं बघायचंय. एवढंच."

 मलाही ते बघायचं होतं. त्याच्याहून जास्त, खरं तर.

चार दिवसांनी कंपनीचा माणूस माझ्या दुकानात आला. उन्हातसुद्धा कोट. मी त्याला पुठ्ठ्यांच्या थप्पीवरच बसवलं. म्हटलं, एक प्रश्न आहे, पुस्तक छापणार कधी?

"योग्य वेळी."

"यंदा? पुढच्या वर्षी?"

"आमच्या यादीत आहे, ताई."

"लायब्ररीत पण यादी आहे," मी म्हणाले. "सहाव्या कलमात तारीख घाला. एका वर्षात छापू, किमान हजार प्रती, असं लिहा. मी आत्ता सही करते आणि आईचे कागदही देते."

त्यानं माझ्याकडे समजूतदार हसून बघितलं. लहान मुलानं चंद्र मागितला की हसतात तसं. "असं तारखेत बांधून घेत नाही आम्ही."

"मग उठा. त्या पुठ्ठ्यांना घडी पडतेय."

तो गेला, आणि डिसेंबर उजाडल्यावर दादाचा निरोप आला, की कचेरीत सुनावणी लागलीय, एकोणतीस तारखेला. एकट्याची साक्ष चालत नाही. दोन साक्षी हव्यात, नाहीतर लेखी पुरावा. "तू येऊन खरं ते सांग. आणि उद्या दुपारी मी कागद न्यायला येतोय. आईच्या वस्तू आहेत, तुझ्या एकटीच्या नाहीत."

तेही खरंच होतं. तीच तर पंचाईत.

डिसेंबरात माझ्याकडे एक ठरलेलं काम असतं. सरकारी कचेऱ्यांची पुढच्या वर्षाची कोरी रजिस्टरं. त्या दिवशी टेबलावर अठ्ठेचाळीस रजिस्टरं शिवून पडली होती, आणि ती कुठली होती? हक्क नोंदणी कचेरीची. उरलं होतं ते पाठ भरायचं काम. शिवलेल्या पाठीला खळ लावायची, तिच्यावर कागदाच्या पट्ट्या थरावर थर चिकटवायच्या, मग जाळीचं कापड, मग पुठ्ठा. पट्ट्यांना नवा कागद कुणी वापरत नाही. जुना, हाताळलेला, मऊ पडलेला कागदच पाठीला धरतो. प्रत्येक बांधणाऱ्याकडे त्यासाठी रद्दीची पेटी असते.

मी कागद जाळणार नव्हते. तेवढं काळीज मला नाही. लपवून उपयोग नव्हता, माझ्या सगळ्या जागा दादाला लहानपणापासून पाठ आहेत, आणि कचेरीनं मागितले तर झडती झाली असती. मी ट्रंक उघडली. पहिला कागद काढला. एका बाजूला कुणाचातरी ताप, एकशे तीन, एकशे एक, नव्व्याण्णव. दुसऱ्या बाजूला आईचं बारीक तिरपं अक्षर. "उचलायच्या आधी त्याला सांगा, आता उचलते आहे. तो सामान नाही."

मी वाचला आणि पात्यानं उभा कापला.

एकेक वाचला आणि कापला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाणंपिणं सुचलं नाही. काही कागद दोनदा वाचले. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी चिडत होते, कारण पाणी पडलं की पेन्सिल पसरते आणि आता तर ती नीट राहायलाच हवी होती. प्रत्येक रजिस्टराच्या पाठीत चार कागद. वरून कापड, वरून पुठ्ठा. अठ्ठेचाळिसावं रजिस्टर दाबाखाली घातलं तेव्हा ट्रंकेत तळाशी फक्त वाळवीची पूड होती. आईचं मी नक्की काय केलं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.  पण एकही पट्टी वाकडी बसली नाही, हे लिहून ठेवते.

दादा आला, त्यानं ट्रंक उघडली. मग आत हात घालून तळ चाचपला.

"जाळलेस?"

"माझ्याकडे नाहीत."

"जाळलंस तू आईला," तो म्हणाला आणि निघून गेला. माझ्या मागं अठ्ठेचाळीस रजिस्टरं दाबाखाली होती.

सुनावणीची खोली लहान होती. एक टेबल, त्यामागे साहेब, बाजूला कारकून, समोर बाक. बाकाच्या एका टोकाला दादा आणि कोटवाला, दुसऱ्या टोकाला मी. जुनं रजिस्टर भरलं होतं म्हणून कारकुनानं नवं उघडलं. निळं कापड, लाल कोपरे. माझं काम मला लांबूनही ओळखू येतं. त्यानं ते पहिल्या पानावर दाबून सपाट केलं. पाठ छान वाकली.

दादानं शपथ घेतली आणि साक्ष दिली. पेन्सिलीचं सांगितलं. पत्र्याच्या टबाचं सांगितलं. एका वाक्यावर आई तीन दिवस अडली होती, मग दहा वर्षांच्या दादाला विचारलं आणि त्यानं सुचवलेला शब्द तिनं घातला, हेही सांगितलं. हे मलासुद्धा माहीत नव्हतं. त्याचा आवाज हेडमास्तरचा राहिलाच नाही. माझं सगळं अंग म्हणत होतं, ऊठ आणि सांग, हो, तीच, माझी आई.

साहेबांनी मला बोलावलं. शपथ दिली. "खोटं सांगितलंत तर शिक्षा आहे, कल्पना आहे ना?"

"आहे."

"हे पुस्तक तुमच्या आईनं लिहिलंय?"

"नाही."

साहेबांनी दादाच्या जबाबाचं पान उलटलं.

"तुमचे भाऊ सांगतात, त्यांनी तिला लिहिताना पाहिलंय."

"दादाचा आईवर फार जीव होता," मी म्हणाले. "मुलांना वाटतं तसं. माझी आई वॉर्डात काम करायची, साहेब. सही करायची तेवढीच. पुस्तक लिहिण्याइतकं तिला लिहिता येत नव्हतं."

मी हे बोलले. सरकारसमोर, शपथेवर, मोठ्यानं, माझ्या आईबद्दल. दादानं माझ्याकडे बघितलं नाही. कोटवाल्यानं बघितलं, आणि त्याला बरोबर कळलं होतं मी काय करतेय ते. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून मी बसून राहिले. बघ म्हटलं, किती बघायचंय तेवढं.

"लेखी पुरावा?" साहेबांनी विचारलं.

"नाही," दादा म्हणाला.

कारकुनानं लिहून घेतलं. लेखी पुरावा आढळला नाही. लिहिताना त्याचा डावा हात रजिस्टराच्या पाठीवरून फिरत होता.

दोन तारखेला सकाळी मशीनमास्तरनं मशीन चालू केलं. प्लेटा त्यानं आधीच करून ठेवल्या होत्या, लबाड. पहिल्या हजार प्रती. मी आणि माझ्याकडच्या दोघी बायका हातात सुई घेऊन बसलो ते दहा दिवस उठलो नाही. किंमत दोन कप चहाइतकी. पहिली प्रत घेऊन मी पोस्टमनबाईची वाट बघत दारात उभी राहिले. ती सायकलवरूनच हात पुढे करून म्हणाली, "द्या, द्या, उशीर झालाय," आणि पिशवीत टपालाबरोबर टाकून निघाली. संध्याकाळी आली ती तावातावानं. "तुमच्या त्या बाईनं बाराव्या पानावर लिहिलंय, स्वतःची कंबर आधी सांभाळा. तर आमचे म्हणतात, मलाही वाचून दाखव. आता मी वाकले की पलंगावरून ओरडतात, गुडघे वाकव, गुडघे!"

"भांडता ना?"

"रोज!" ती म्हणाली. चेहरा बघण्यासारखा होता.

आणि मग गंमत बघा. आम्ही छापलं म्हणून पलीकडच्या शहरातल्या एकानं छापलं. एकानं खिशात मावेल असं काढलं, अक्षर मुंगीएवढं. एकानं इतक्या भिकार कागदावर काढलं की मागच्या पानावरचं पुढं दिसतं, पण बसस्टँडवर विकलं आणि खपवलं. एका संस्थेनं डोळे गेलेल्यांसाठी ठिपक्यांच्या लिपीत काढलं. मार्चमध्ये तर त्या कोटवाल्या कंपनीनंही छापलं! ज्यांना योग्य वेळ सापडत नव्हती त्यांना ती तीन महिन्यांत सापडली, कारण आता कुलूप लावायला दारच उरलं नव्हतं. तीस वर्षं एक पुस्तक मिळत नव्हतं, ते सहा महिन्यांत सहा तऱ्हांनी मिळायला लागलं. लायब्ररीतल्या बाईनं यादी फाडून टाकली. माझ्या पायरीवर आता कुणी येत नाही, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटत नाही.

दादा मात्र बोलत नव्हता. वहिनी लपून फोन करायची, तब्येत विचारायची आणि तो आला की "रॉंग नंबर" म्हणून ठेवून द्यायची.

जून उजाडला तेव्हा एका दुपारी तो आला. हातात जड पिशवी. ती टेबलावर ठेवली आणि एकेक पुस्तक काढून मांडलं. सहाही.

"एकावरही तिचं नाव नाही," तो म्हणाला.

"नसणारच. मीच नाही म्हणाले."

"कागद खरंच जाळलेस?"

आता सांगायला हरकत नव्हती. मी सांगितलं. कुठल्या रजिस्टरांत, प्रत्येकात किती, कसे. तो पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसला. मला वाटलं, आता हा मला मारणार किंवा रडणार. त्यानं चष्मा काढला, पुसला.

"म्हणजे," तो म्हणाला, "आई परत सरकारी नोकरीत लागली."

आणि आम्ही दोघं हसत सुटलो ते खोकला येईपर्यंत. हसू संपल्यावर त्याचा चेहरा पुन्हा होता तसा झाला.

"मला तुझं म्हणणं पटलं, असं समजू नकोस. सही करायची तेवढीच, असं म्हणालीस तू. मी रोज ऐकतो ते."

"मी पण."

त्यानं एक पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. आतल्या पानावर 'एक परिचारिका' असं छापलं होतं, आणि खाली शाईनं, हेडमास्तरच्या वळणदार अक्षरात, आईचं नाव. तिचं, बाबांचं, आडनाव. पूर्ण.

"विकत घेतो, नाव लिहितो आणि लायब्रऱ्यांना, हॉस्पिटलांना देऊन टाकतो," तो म्हणाला. "आतापर्यंत शहाऐंशी पुस्तकं झाली. माझी एकट्याची साक्ष कचेरीला पुरत नाही. या पानावर पुरते. कोण मला थांबवतं बघू."

माझ्या मागं नव्या छपाईच्या तीनशे प्रती बांधून तयार होत्या. मी उठले, त्यातल्या वीस उचलल्या आणि टेबलावर आणून ठेवल्या. टेबलाच्या खणातून पेन काढलं.

"तू नको लिहूस," दादा घाईनं म्हणाला. "तू शपथेवर सांगितलंयस. तुझ्या अक्षरात सापडलं तर खोटी साक्ष होते. आत टाकतील."

"टाकू देत. त्यांनी विचारलं तर सांगेन, तेव्हा खोटं बोलले, आता खरं लिहितेय. पुस्तक तर परत घेता येत नाही ना त्यांना? मग माझं काय करायचं ते करा म्हणावं."

"चिमणे."

"पान धर. उलटतंय."

त्यानं पान धरलं. मी आईचं नाव लिहिलं. त्याच्याखाली, कुणाला शंका नको म्हणून, 'ही माझी आई' असं लिहिलं, माझी सही केली आणि दुकानाचा पत्ता टाकला. शाई वाळेपर्यंत दादानं पान सोडलं नाही. मग त्यानं ते पुस्तक बाजूला ठेवलं आणि दुसरं उघडून माझ्यासमोर धरलं.